नॉईस शिष्यवृत्ती: गणित शिकवण्याच्या बोलीवर मिळणारे पैसे

स्कॉलरशिप म्हटलं की आपल्याला चौथी-सातवीची परीक्षा आठवते. परीक्षा दिली, यादीत नाव आलं, पैसे मिळाले, विषय संपला. अमेरिकेतली रॉबर्ट नॉईस शिक्षक शिष्यवृत्ती तशी नाही. शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवायची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यातून वर्षाला किमान १०,००० डॉलर मिळतात, आणि ज्या दिवशी तो सही करतो त्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर काही वर्षांच्या नोकरीची बोली असते. बोली पाळली तर पैसे कायमचे त्याचे. मोडली तर तेच पैसे कर्ज होऊन परत येतात, व्याजासकट.

म्हणून आकडा पाहून हुरळून जाण्याआधी बोलीचं कलम वाचावं, असा आमचा आग्रह आहे. ज्याला खरोखर वर्गात उभं राहून बीजगणित शिकवायचं आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली मदत शोधून सापडणं कठीण. ज्याला फक्त फी भागवायची आहे, त्याच्यासाठी हे महाग कर्ज ठरू शकतं.

पैसे कोण देतं, आणि अर्ज कुठे करायचा

अमेरिकी काँग्रेसने २००२ साली नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या, म्हणजे विज्ञान-संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, कायद्यातून ही योजना सुरू केली. नाव दिलं रॉबर्ट नॉईस यांचं. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर अख्खं सर्किट बसवण्याची युक्ती ज्यांनी शोधली त्यांपैकी ते एक, आणि १९६८ मध्ये गॉर्डन मूर यांच्यासोबत त्यांनी इंटेल काढली.

पहिली गफलत इथेच होते. लोक फाउंडेशनच्या वेबसाइटवर विद्यार्थ्यासाठी अर्ज शोधत बसतात. तो तिथे नसतो. फाउंडेशन पैसे देतं विद्यापीठांना. विद्यापीठातला गणित विभाग आणि शिक्षणशास्त्र विभाग मिळून प्रस्ताव लिहितात, आजूबाजूच्या एकदोन स्कूल डिस्ट्रिक्टना, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांना, भागीदार म्हणून घेतात, आणि स्पर्धेत प्रस्ताव मंजूर झाला तर काही वर्षांपुरता निधी मिळतो. त्या निधीतून विद्यार्थी निवडायचं काम विद्यापीठाचं. अर्ज, मुलाखत, गुणांची अट, रक्कम, सगळं त्या त्या विद्यापीठाचं वेगळं.

याचे दोन परिणाम होतात. तुमच्या विद्यापीठाकडे प्रकल्प नसेल, तर तिथे राहून ही शिष्यवृत्ती मिळण्याचा मार्ग नाही. आणि प्रकल्प असला तरी तो मुदतीचा असतो. निधी संपल्यावरही विद्यापीठाच्या वेबसाइटवरचं जुनं पान वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि विद्यार्थी त्याच्या भरवशावर प्रवेश घेतात. २०२५ मध्ये तर फाउंडेशनने शिक्षणविषयक अनेक अनुदानं मुदतीआधीच थांबवली. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी प्रकल्प चालवणाऱ्या प्राध्यापकांना ईमेल करून सरळ तीन गोष्टी विचाराव्यात: यंदा नवीन विद्यार्थी घेताय का, निधी कोणत्या वर्षापर्यंत मंजूर आहे, आणि मी पात्र वर्षात पोचेन तेव्हा तो शिल्लक असेल का. उत्तर लेखी घ्यावं. फोनवरच्या "हो, असेल बहुतेक" वर चार वर्षांचं नियोजन करू नये.

कोणाला मिळते

नागरिकत्वाची अट कडक आहे. अमेरिकी नागरिक, अमेरिकी नॅशनल किंवा ग्रीन कार्डधारक, एवढ्यांनाच ती मिळते. भारतातून एफ-१ व्हिसावर शिकायला आलेला विद्यार्थी पात्र नाही. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आईवडिलांसोबत लहानपणी आलेली, सगळी शाळा न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये शिकलेली मुलगीही पात्र नाही, ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत. एच-४ वर काम करण्याची परवानगी, म्हणजे ईएडी, असली तरी उपयोग नाही. ती नोकरीची मुभा आहे, कायम वास्तव्याची नव्हे. मराठी कुटुंबांत ग्रीन कार्डची रांग दहा-पंधरा वर्षं रेंगाळणं नवीन नाही. त्यामुळे मुलाच्या कॉलेजच्या हिशेबात ही शिष्यवृत्ती धरण्याआधी हा एक मुद्दा नक्की करून घ्यावा.

पदवीचे विद्यार्थी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला, म्हणजे ज्युनियर आणि सीनियर असताना पात्र होतात. विषय गणित, विज्ञानाची शाखा, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र यांपैकी हवा. नुसतं "शिक्षणशास्त्र" मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय म्हणून, घेऊन भागत नाही. विषयाची पूर्ण पदवी हवी, सोबत शिक्षक प्रशिक्षण. आधीची दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात आलेल्यालाही ती मिळू शकते. फीच्या दृष्टीने ही वाट सगळ्यात स्वस्त पडते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिष्यवृत्ती नसली तरी बऱ्याच प्रकल्पांत उन्हाळ्याची पगारी इंटर्नशिप असते: गणिताच्या शिबिरात मुलांना शिकवणं, शिकवणी केंद्रात मदत करणं. ती जरूर करावी. शिकवणं आपल्याला झेपतं का आणि आवडतं का, हे सही करण्यापूर्वी कळण्याची यापेक्षा बरी सोय नाही.

दुसरा गट आहे पदवी आधीच झालेल्यांचा. विषयाची पदवी हातात आहे आणि आता शिक्षकाचं प्रमाणपत्र घ्यायचं आहे, अशांना योजनेतून स्टायपेंड मिळतो. मराठी घरांशी याचा थेट संबंध आहे. पुण्यात किंवा औरंगाबादला एम.एस्सी. गणित किंवा इंजिनिअरिंग केलेल्या, लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या, बरीच वर्षं एच-४ वर घरी बसलेल्या आणि आता ग्रीन कार्ड मिळालेल्या कितीतरी बायका आहेत. शेजारपाजारच्या मुलांना त्या गणित शिकवतच असतात. त्यांच्यासाठी हा दरवाजा आहे. फक्त भारतीय पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, आणि तेही विषयवार: कुठला पेपर, किती क्रेडिट, कोणती श्रेणी. नुसत्या पदवीची समकक्षता सांगणारा स्वस्तातला अहवाल बहुतेक ठिकाणी चालत नाही. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. वर एम.एस्सी. असेल तर हा प्रश्न सहसा सुटतो. कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो ते राज्याचं प्रमाणपत्र कार्यालय सांगतं. आधी त्यांची यादी पाहावी, मग पैसे भरावेत.

रक्कम: हातात किती येतं

कायद्याने वर्षाला किमान १०,००० डॉलर. कमाल मर्यादा म्हणजे विद्यापीठाने ठरवलेला त्या वर्षाचा एकूण खर्च, ज्याला तिथे कॉस्ट ऑफ अटेंडन्स म्हणतात. त्यात फी, पुस्तकं, राहणं, जेवण, प्रवास सगळं येतं. या दोन टोकांमध्ये प्रत्येक विद्यापीठ आपला आकडा ठरवतं.

यात एक मेख आहे. विद्यार्थ्याला सगळीकडून मिळून जी मदत मिळते, ती एकूण खर्चापेक्षा जास्त होऊ शकत नाही. समजा वर्षाचा खर्च २८,००० डॉलर आहे. तुम्हाला आधीच १५,००० ची अनुदानं आहेत, आणि नॉईसचे १६,००० मंजूर झाले. बेरीज ३१,००० होते, म्हणजे ३,००० जास्त. आर्थिक साहाय्य कार्यालय आता काहीतरी कापणार. कर्ज कापलं तर आनंदच आहे. पण विनाअट मिळालेलं अनुदान कापून त्या जागी बोलीचे पैसे बसवले, तर तुमचं नुकसान झालं: फुकटचे पैसे गेले आणि जोखमीचे आले. म्हणून स्वीकारपत्रावर सही करण्याआधी त्या कार्यालयाकडून सुधारित हिशेब मागावा, आणि नॉईसची रक्कम थोडी कमी घेता येईल का तेही विचारावं.

कराचंही थोडं पाहावं लागतं. फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं-साहित्य यांवर गेलेली शिष्यवृत्ती सर्वसाधारणपणे करमुक्त असते. राहण्याजेवण्यावर गेलेला भाग उत्पन्नात धरला जातो. त्यामुळे पावत्या वेगळ्या ठेवाव्यात.

या पैशांची खरी किंमत कळते ती शेवटच्या सत्रात, स्टुडंट टीचिंगच्या वेळी. पूर्ण सत्रभर, रोज सकाळी साडेसात-आठपासून दुपारपर्यंत शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली शिकवायचं, घरी येऊन पाठ तयार करायचे, वह्या तपासायच्या, आणि याचा पगार सहसा नसतो. बाजूला नोकरी करायला वेळ उरत नाही. अनेक चांगली मुलं इथेच वाट बदलतात, कारण चार महिने कमाई नसणं त्यांना परवडत नाही. रक्कम दोन सत्रांत कशी वाटली जाते हे म्हणूनच आधी विचारून ठेवावं.

बोली: एकाला दोन

जितकी वर्षं शिष्यवृत्ती घेतली, त्याच्या दुप्पट वर्षं गरजू डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण वेळ गणित किंवा विज्ञान शिकवायचं. एक वर्ष घेतली तर दोन, दोन वर्षं घेतली तर चार, आणि कमाल तीन वर्षं घेतली तर सहा वर्षं. हे सगळं अभ्यासक्रम संपल्यापासून आठ वर्षांच्या आत.

आठ वर्षं ऐकायला भरपूर वाटतात. एक वर्ष शिष्यवृत्ती घेतलेल्याला ती आहेतही: आठातली दोन द्यायची, सहा मोकळी. पण तीन वर्षं घेतलेल्याला आठातली सहा द्यायची आहेत, म्हणजे हाताशी राहतात फक्त दोन. प्रमाणपत्राची परीक्षा एकदा हुकली आणि शाळा सुरू होण्याआधी नोकरी मिळाली नाही, तर त्यातलं एक गेलं. बाळंतपणासाठी वर्षभर घरी राहिलं, तर दुसरं गेलं. त्यानंतर जोडीदाराची बदली झाली आणि नव्या राज्यात प्रमाणपत्र मिळायला वेळ लागला, तर हिशेब तुटतो. म्हणून तिसऱ्या वर्षाचे पैसे घ्यायचे की नाही, हा निर्णय पहिल्या दोन वर्षांइतका सरळ नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पदवीनंतर प्रशिक्षणाचं पाचवं वर्ष असतं, आणि ज्युनियर, सीनियर, पाचवं वर्ष असं तिन्ही वर्षं पैसे घेणं सहज घडतं. आमच्या मते, घरची परिस्थिती तितकी बिकट नसेल, तर दोन वर्षांवर थांबणं शहाणपणाचं.

"गरजू" कोणाला म्हणायचं

सगळ्यात जास्त घोळ या शब्दावर होतो. अट लागते ती डिस्ट्रिक्टला. वस्ती पाहून किंवा शाळेची इमारत पाहून अंदाज बांधू नये. तीनपैकी एक जरी खूण जुळली तरी डिस्ट्रिक्ट गरजू ठरतं. पहिली, तिथल्या निदान एका शाळेतली ५० टक्के किंवा अधिक मुलं मोफत अथवा सवलतीच्या जेवणाला पात्र असणं. दुसरी, माध्यमिक शाळांतल्या ३४ टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी जो विषय ते शिकवतात त्यात पदवी घेतलेली नसणं. तिसरी, गेल्या तीन वर्षांत १५ टक्के किंवा अधिक शिक्षक शाळा सोडून गेलेले असणं.

दुसरी खूण थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. इतिहासाची पदवी घेतलेले शिक्षक बीजगणिताचा तास घेताहेत, असं चित्र त्या आकड्यामागे असतं. अपूर्णांकांचा भागाकार करताना "दुसरा उलटा करून गुणा" हे ते सांगू शकतात, का उलटा करायचा ते सांगताना अडतात. मुलं नियम पाठ करतात आणि नववीत समीकरणात अपूर्णांक आला की कोलमडतात. गणिताची पूर्ण पदवी घेतलेला माणूस त्या वर्गात पोचवणं, हे या शिष्यवृत्तीचं काम आहे.

पहिल्या खुणेत "निदान एका शाळेतली" हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यामुळे मोठ्या शहरांची डिस्ट्रिक्ट बहुधा पात्र ठरतात, आणि बरीच ग्रामीण डिस्ट्रिक्टही. सधन उपनगरातलं छोटं डिस्ट्रिक्ट मात्र बाहेर राहू शकतं, आणि आपली माणसं चांगल्या शाळांसाठी राहतात ती याच भागांत. घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत नोकरी मिळाली तरी ती बोलीत धरली जाणार नाही, ही शक्यता लक्षात ठेवावी. खासगी शाळा धरली जात नाही. चार्टर शाळेचं, म्हणजे सरकारी पैशांवर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेचं, उत्तर ती कुठल्या डिस्ट्रिक्टखाली येते की स्वतःच डिस्ट्रिक्ट मानली जाते, यावर अवलंबून असतं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यातलं गरजू डिस्ट्रिक्ट चालतं. भारतात परतून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तर ते कितीही मोलाचं काम असलं तरी या हिशेबात बसत नाही.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी करायचं काम एकच. डिस्ट्रिक्टचं आणि शाळेचं नाव, तुमचे विषय आणि तास लिहून विद्यापीठाच्या नॉईस समन्वयकांना ईमेल करा आणि "ही नोकरी बोलीत धरली जाईल" असं लेखी उत्तर आल्यावरच होकार कळवा. मुख्याध्यापकांचं म्हणणं इथे पुरेसं नाही, कारण त्यांना या योजनेचे नियम माहीत असतीलच असं नाही.

बोली मोडली तर

समजा दोन वर्षं दरसाल १५,००० प्रमाणे ३०,००० डॉलर घेतले. देणं चार वर्षांचं. पहिलं वर्षही पुरं न करता नोकरी सोडली, तर पूर्ण ३०,००० कर्ज होतात. एक वर्ष पुरं केलं आणि थांबलं, तर चारातली तीन राहिली, म्हणजे २२,५००. तीन वर्षं करून थांबलं तर एक राहिलं, म्हणजे ७,५००. वर व्याज वेगळं. जितकं शिकवलं तितकं फिटलं, असा हा न्याय आहे, आणि तो बरा आहे. गंभीर आजार किंवा असह्य अडचण असेल तर सूट मागता येते, पण ती मागावी लागते, कागदपत्रं जोडून. आपोआप मिळत नाही.

बोली मोडते ती क्वचितच कोणी ठरवून मोडतं म्हणून. नेहमीची कारणं साधी असतात. चौथ्या वर्षात रिअल अ‍ॅनालिसिस किंवा अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा अडतं आणि मूल मेजर बदलतं. शिष्यवृत्ती घेऊन झालेली असते, गणिताची पदवी मात्र अपुरी राहते. किंवा प्रमाणपत्राची परीक्षा निघत नाही. किंवा नोकरी मिळते, पण शाळा दोन तास गणिताचे आणि बाकीचे भलत्याच विषयाचे देते. किंवा अगदीच क्षुल्लक वाटणारी गोष्ट: पदवीनंतर विद्यापीठाचा ईमेल बंद होतो, दरवर्षी नोकरीचा दाखला मागणारी पत्रं त्याच पत्त्यावर जात राहतात, आणि प्रामाणिकपणे शिकवत असलेला माणूस कागदावर बेपत्ता होतो. सही करतानाच खासगी ईमेल आणि घरचा कायमचा पत्ता द्यावा, आणि बदलला की कळवावा.

टीच ग्रँटशी गल्लत नको

शिक्षक होणाऱ्यांसाठी अमेरिकी शिक्षण खात्याची वेगळी योजना आहे, टीच ग्रँट. कायदा २००७ चा. नावं सारखी वाटतात, बोलीही सारखी वाटते, आणि म्हणूनच लोक एकीचे नियम दुसरीला लावून फसतात.

टीच ग्रँट वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत असते. केंद्र सरकारच्या खर्चातल्या सक्तीच्या कपातीमुळे अलीकडे ती ३,७७२ मिळते. अर्ज फॅफ्साच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदतीच्या अर्जाच्या, मार्गाने होतो. जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, किमान ३.२५ हवा, किंवा प्रवेश परीक्षेच्या एखाद्या भागात ७५ पर्सेंटाइलच्या वर गुण. यात घेतलेल्या वर्षांशी बोलीचा संबंध नाही: एका अभ्यासक्रमासाठी एक वर्ष घ्या नाहीतर चार, शिकवायचं चार वर्षं, आठ वर्षांच्या आत. एकच वर्ष ३,७७२ घेऊन चार वर्षांच्या बोलीत अडकणं आम्हाला व्यवहाराचं वाटत नाही. चारही वर्षं घेणार असाल तर मात्र विचार करावा.

इथे पात्रता डिस्ट्रिक्टची नाही, शाळेची. शिक्षण खात्याच्या कमी उत्पन्नाच्या शाळांच्या यादीत तुमच्या शाळेचं नाव हवं. म्हणजे एखाद्या मोठ्या डिस्ट्रिक्टमधली एखादी शाळा नॉईसला चालेल आणि टीच ग्रँटला चालणार नाही, असं घडू शकतं. गणित मात्र देशभर कमतरतेच्या विषयांत धरलेलं आहे. शिक्षकाच्या तासांपैकी निम्म्याहून अधिक त्या विषयाचे हवेत.

आणि मोडल्याचा न्याय इथे कठोर आहे. चारातली तीन वर्षं शिकवून सोडलं तरी सूट नाही. सगळी रक्कम कर्ज होते, आणि व्याज धरलं जातं ते प्रत्येक हप्ता हातात पडला त्या दिवसापासून. पूर्वी तर वार्षिक फॉर्म वेळेत पोचला नाही एवढ्यावरून हजारो शिक्षकांची अनुदानं कर्जात बदलली होती, जरी ते नियमाप्रमाणे शिकवत होते. जुलै २०२१ पासून ते नियम सुधारले. आता चार वर्षं पुरी होण्याइतका अवधी शिल्लक असेपर्यंत केवळ फॉर्मच्या चुकीने कर्ज होत नाही, आणि चुकून झालं असेल तर फेरविचार मागता येतो.

दोन्ही योजना एकाच वेळी घेणाऱ्याने दोन स्वतंत्र फाइली ठेवाव्यात. एकीचा दाखला दुसरीत पोचत नाही.

याशिवाय ज्यांच्यावर केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज आहे, अशा माध्यमिक गणित शिक्षकांना कमी उत्पन्नाच्या शाळेत सलग पाच पूर्ण वर्षं शिकवल्यावर १७,५०० डॉलरपर्यंत कर्जमाफी मिळू शकते. इतर बऱ्याच विषयांच्या शिक्षकांना ही मर्यादा ५,००० आहे. इथे "सलग" हा शब्द मात्र खरोखर सलग असाच वाचावा.

कोणत्या वर्षी काय करायचं

पहिल्या वर्षी कॅल्क्युलसची साखळी सुरू करा आणि ती तुटू देऊ नका. कॅल्क्युलस एक-दोन-तीन, लिनियर अल्जिब्रा आणि सिद्धता लिहायला शिकवणारा कोर्स, एवढं दुसऱ्या वर्षाअखेर व्हायला हवं. एक कोर्स मागे पडला की शेवटच्या वर्षी स्टुडंट टीचिंग आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा एकाच सत्रात येतात. ते दोन्ही एकदम पेलणं फार अवघड जातं.

शिकवण्याची चव देणारे छोटे कोर्स असतील तर ते याच काळात घ्या. टेक्सस विद्यापीठाने ऑस्टिनला १९९७ मध्ये यूटीच नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात अगदी सुरुवातीलाच मुलांना शाळेच्या वर्गात उभं करतात. पुढे इतर अनेक विद्यापीठांनी तो उचलला.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अर्ज. त्यात साधारणपणे गुणपत्रक, दोन शिफारसपत्रं, फॅफ्सा आणि एक निबंध लागतो. गुणांची अट विद्यापीठ ठरवतं, २.७५ किंवा ३.० जीपीए अशी अट वारंवार दिसते. शिफारसपत्रांपैकी एक गणिताच्या प्राध्यापकाचं हवं, आणि दुसरं तुम्हाला मुलांना शिकवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांचं. निबंधात "मला लहानपणापासून गणित आवडतं" हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा एक ठोस उदाहरण द्या: एखादा विद्यार्थी (अ + ब) चा वर्ग करताना अ वर्ग अधिक ब वर्ग लिहितो, त्याला तुम्ही काय विचाराल, कोणती आकृती काढाल, चौरसाचे चार तुकडे कसे दाखवाल. निवड करणाऱ्यांना नेमकं हेच पाहायचं असतं. मुलाखतीत गरजू शाळेत का, हा प्रश्न येतोच. तिथली मुलं बिचारी आहेत या सुरात दिलेलं उत्तर चांगलं पडत नाही. त्या शाळांत आधी जाऊन आलेला उमेदवार वेगळा उठून दिसतो.

तिसऱ्या वर्षीच प्रमाणपत्राच्या परीक्षेची तयारी धरा. न्यू जर्सीसह अनेक राज्यांत प्रॅक्सिसची ५१६५ क्रमांकाची गणिताची परीक्षा असते, टेक्ससमध्ये सातवी ते बारावीसाठी २३५ क्रमांकाची, कॅलिफोर्नियात सीसेट. आपल्याकडून शिकून गेलेल्यांना यात कॅल्क्युलस जड जात नाही. अडतं ते संख्याशास्त्र, संभाव्यता आणि फंक्शनचं चित्रांतून वाचन, कारण आपल्या अभ्यासक्रमात या गोष्टींना कमी जागा होती. शिवाय ग्राफिंग कॅल्क्युलेटरची सवय नसते. महिनाभर त्यावर हात बसवावा.

एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. राज्याराज्यांत करार आहेत, पण नव्या राज्याचा अर्ज, पार्श्वभूमी तपासणी आणि कधी कधी एखादी परीक्षा चुकत नाही. लग्न किंवा बदली यामुळे राज्य बदलणार हे आधी माहीत असेल, तर त्या राज्याच्या अटी तिसऱ्या वर्षीच पाहून ठेवाव्यात.

जपून ठेवायचे कागद असे: सही केलेला करार, प्रत्येक हप्त्याची नोंद, अभ्यासक्रम पूर्ण केल्याची तारीख दाखवणारं प्रमाणपत्र, डिस्ट्रिक्ट पात्र असल्याचं लेखी उत्तर, आणि दरवर्षीचं नेमणूकपत्र ज्यात विषय व पूर्ण वेळ असल्याचा उल्लेख आहे. त्या वर्षीचं वेळापत्रकही छापून ठेवा. चार वर्षांनी शाळेचे मुख्याध्यापक बदललेले असतात, विद्यापीठातले समन्वयक निवृत्त झालेले असतात, आणि तुम्ही कोणत्या वर्षी किती तास गणित शिकवलंत हे दाखवणारा कागद तुमच्याकडेच असावा लागतो. बोली पूर्ण झाल्याचं पत्र विद्यापीठाकडून मागून घ्या. ते हातात येईपर्यंत फाइल टाकू नका.